आठ नंबरचा कागद

"परत एकदा पी बघू पाणी," त्या बाई म्हणाल्या.

मी बाटली तोंडापासून खाली घेतली आणि त्यांच्याकडे बघितलं. पन्नाशीच्या असतील. पांढरी, निळ्या काठाची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट. दीड तासापूर्वी मी रांगेत त्यांच्या मागे येऊन उभी राहिले होते आणि तेव्हापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता एकदम हे.

"मला तहान नाही आता," मी म्हणाले.

"तहान नसू दे. एक घोट घे. मान अशी वर कर."

माझी मैत्रीण नसीम फिस्सकन हसली. आम्ही दोघी इचलकरंजीहून कोल्हापुरात आलो होतो, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभ्या होतो, आणि आत अवनी रेगेचा कार्यक्रम संपत आला होता. दुपारी तीनचा खेळ होता. तिकीट काढून आम्ही पहिली पाच गाणी ऐकली आणि मग मुद्दाम बाहेर आलो, कारण मागच्या दाराशी नंबर लवकर लावावा लागतो हे आम्हाला मागच्या अनुभवांनी शिकवलं होतं. शेवटची गाणी भिंतीतून ऐकू येत होती. आतून टाळ्या आल्या की आमच्या रांगेतल्या पोरी जागच्या जागी उड्या मारत होत्या.

ही गोष्ट २००१ सालची. तेव्हा अवनी रेगेची कॅसेट ज्या घरात नाही असं घर आमच्या ओळखीत नव्हतं. रिक्षात तीच, पानपट्टीवर तीच, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पाच पोरींनी तिचंच गाणं निवडलं म्हणून भांडणं झालेली. मी वीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि मला तिची नुसती सही नको होती. कुणीतरी सांगितलं होतं की ती मागे कोरसला गाणाऱ्या मुली अशाच गावोगाव फिरताना निवडते. सांगलीत चुकली, साताऱ्यात चुकली, बेळगावला तर गाडी माझ्या पुढ्यातून निघून गेली. हा चौथा खेळ होता. घरी मी सांगून आले होते की जादा तासाला जाते.

"मावशी, तुम्ही नर्स आहात काय?" नसीमनं विचारलं.

"होय. मिरजेला. एस्तेर देवकुळे." आणि परत माझ्याकडे वळून, "तुझं नाव काय गं?"

"पद्मजा मगदूम."

"पद्मजा, तुझ्या गळ्याला गाठ आहे."

मी हात गळ्याशी नेला. मला काही लागलं नाही.

"असं कळणार नाही. गिळलंस की वर सरकते. मगाशी उन्हात तू मान वर करून पाणी पीत होतीस तेव्हा दिसली. मी हात लावून बघू का?"

"नको."

"एक मिनिट लागंल फक्त."

"नको म्हटलं ना!" माझा आवाज चढला. रांगेतल्या चार जणी वळून बघायला लागल्या. मला कसली लाज वाटत होती कुणास ठाऊक, पण वाटत होती. मी माझा चांगला, लिंबू रंगाचा ड्रेस घातला होता. काय गायचं, कुठली ओळ गायची, हे आठ दिवस ठरवत होते. आणि ही बाई चारचौघींत माझ्या गळ्याला गाठ शोधत होती, त्याच गळ्याला. "मावशी, तुम्हाला दवाखान्यातच बसायला पाहिजे होतं. इथं कुणी आजारी पडायला आलेलं नाही."

त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या. पण तोंड फिरवलं नाही. थोड्या वेळानं अगदी हळू आवाजात, मलाच ऐकू जाईल एवढ्याच, म्हणाल्या, "वजन कमी झालंय का? आवाज बसतो?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आवाज बसत होता. मी ते रियाजावर ढकललं होतं.

नसीमला वातावरण सैल करायचं होतं. तिनं विचारलं, "तुम्ही एकट्याच आलात? पोराबाळांना नाही आणलं?"

"मला पोरंबाळं नाहीत. मीच आले माझ्यासाठी." त्या पहिल्यांदा हसल्या. "सहा खेळ बघितले हिचे. दर वेळी ड्युटी असायची, नाहीतर शेवटची एसटी गाठायची असायची. भेट काही झाली नाही. या खेपेला दोन दिवसांची रजा टाकली. सकाळी अकरापासून उभी आहे."

"सही घ्यायचीय?"

"सही कशाला? तिला एकदा सांगायचं होतं." काय सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पर्स उघडून रुमाल काढला, घाम टिपला, पर्स बंद केली. नसीमही मग पुढे विचारायला धजली नाही.

आतल्या टाळ्या थांबल्या. खुर्च्यांचे आवाज आले. मागचं दार उघडलं आणि कार्यक्रमाचा मॅनेजर बाहेर आला. जाड मिशांचा माणूस, गळ्यात शिट्टी. त्यानंच दुपारी आम्हाला पेनानं नंबर लिहिलेले कागदाचे तुकडे वाटले होते. पहिल्या दहा जणांना आत सोडणार, असं तेव्हा म्हणाला होता. एस्तेरबाईंचा नंबर आठ होता, माझा नऊ, नसीमचा दहा.

"मॅडमना सहाला निघायचंय," तो ओरडला. "दहा नाही. आठच. आठपर्यंतचे पुढं या, बाकीच्यांनी गर्दी करू नका!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी हातातल्या कागदावरचा नऊ बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नसीम मॅनेजरशी भांडायला लागली. "दादा, मगाशी दहा जण म्हणालात! आम्ही इचलकरंजीहून आलोय! ही गाणारी आहे, हिचं ऐकून तरी घ्या!" तो माणूस हात झटकत होता. सात नंबरपर्यंतची माणसं दारातून आत गेली.

"आठ कोण?"

एस्तेरबाई पुढे झाल्या नाहीत. त्यांनी माझा दंड धरला आणि मला भिंतीकडे ओढलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "हा माझा नंबर. तू जा."

मी रडायची थांबले.

"पण मंगळवारी सकाळी नऊला मिरजेला यायचं. मी दवाखान्याच्या फाटकात उभी राहीन. तपासून घ्यायचं. मग मी तुला परत कधी त्रास देणार नाही."

"आठ नंबर कोण हाय?" मॅनेजर ओरडला.

"येते!" मी म्हणाले. "मावशी, येते मंगळवारी. शपथ."

"नुसती शपथ नको. पत्ता लिही." त्यांनी माझ्या हातातला नऊ नंबरचा कागद काढून घेतला, पर्समधून पेन काढलं. मी भिंतीला कागद लावून पत्ता लिहिला. त्यांनी तो वाचून बघितला, "गल्ली नंबर लिही," म्हणाल्या, मी तोही लिहिला. मग त्यांनी नसीमकडे बघितलं. "तू साक्षीदार."

आणि मी आत गेले.

आत काय झालं ते सांगायला दोन मिनिटं लागतात, कारण ते दोन मिनिटांचंच होतं. अवनी रेगे एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेले. कॅसेटवरच्या फोटोपेक्षा लहानखुरी, आणि फार दमलेली. मी म्हणाले, मला गाता येतं. ती म्हणाली, "मग गा की." मी दोन ओळी गायले. तिनं डोळे मिटून ऐकल्या, खरंच ऐकल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "छान आहे. रियाज सोडू नकोस." तिकिटावर सही केली. कोरसबद्दल विचारायचं माझं राहूनच गेलं. पुढच्या क्षणी मी बाहेर होते.

मी हवेतच होते. नसीम माझ्या गळ्यात पडली. एस्तेरबाई तिथंच, भिंतीशी उभ्या होत्या.

"कशी आहे गं? जवळून?" त्यांनी विचारलं.

"एवढीशी आहे. आणि हात गार होते तिचे."

"दमली असंल. खाल्लेलं नसणार काही." त्यांनी मान हलवली. "तुझं गाणं ऐकलं का तिनं?"

"ऐकलं."

"बरं झालं," असं म्हणून त्या स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.

मी मंगळवारी गेले नाही.

कॉलेजात चाचणी होती हे खरं, पण ती दुपारी होती आणि मी त्या विषयाचं पुस्तक उघडलेलंही नव्हतं. मी गेले नाही कारण मला आता जे हवं होतं ते मिळालं होतं. सोमवारी रात्री आरशासमोर उभी राहून मी एक घोट पाणी प्यायले होते. काहीतरी सरकल्यासारखं दिसलं. मी आरशाकडे पाठ केली आणि ठरवलं की ते हाड आहे. नसीमनं कॉलेजच्या दारात विचारलं, "गेली नाहीस?" मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जाईन." ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

बुधवारी दुपारी घरी आले तर दारात कॅनव्हासचे बूट.

आमचं घर यंत्रमागांच्या शेडला लागून होतं. दिवसभर खटाखट खटाखट चालायचं. त्या आवाजात आई आणि एस्तेरबाई चहा पीत बसल्या होत्या आणि दोघी ओरडून बोलत होत्या. कोल्हापूरची गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. बाबांना कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं.

"ही बघ आली," आई म्हणाली. "अगं, या बाई म्हणतात तुमची एसटीत ओळख झाली."

मी एस्तेरबाईंकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "हो. शेजारी बसली होती." चेहऱ्यावर काही नाही. मी घरी न सांगता आले होते हे त्यांनी ओळखलं असणार. मी त्यांना आज तेवीस वर्षं ओळखते. त्या रविवारी दोन वेळा प्रार्थनेला जातात आणि एरवी त्यांच्या तोंडून खोटं निघताना मी ऐकलेलं नाही.

बाबा पाळी संपवून आले, केसांत कापसाचे तंतू. एस्तेरबाईंनी मला खिडकीच्या उजेडात बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि आई-बाबांना पुढे बोलावलं. "आता बघा." मी घोट घेतला. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

बाबांनी माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "आयोडीनच्या मिठानं जाईल की."

"जाईल किंवा जाणार नाही. तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"आन् कापायचं निघालं तर? गळ्याला सुरी? बाई, औंदा हिला दाखवायला सुरुवात करायची हाय. गळ्यावर एवढा डाग घेऊन पोरगी कुणाच्या दारात न्यायची?"

"डाग दिसेल, दादा," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण पोरगीही दिसेल."

मागांचा आवाज चालूच होता. बाबा खाली बसले. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. असं ते माझ्याकडे लहानपणी मला गोवर झाला होता तेव्हा बघायचे. "उद्या न्यायचं का?" त्यांनी विचारलं.

"उद्याच."

गाठीत सुई घालून थोडं काहीतरी काढलं. दुखलं नाही, मुंगी चावल्यासारखं झालं. सहा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाबांना बसायला सांगितलं आणि मराठीत, सावकाश, एकेक वाक्य करून सांगितलं. कॅन्सर होता. थायरॉईडचा. या प्रकारचा बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पण शेजारच्या एका लहान गाठीत तो पोचायला लागलाय. वर्षभर असंच राहिलं असतं तर आज जे सांगतोय ते वेगळं सांगावं लागलं असतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पोरगी जगंल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "जगेल." बाबा उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एस्तेरबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मला भीती वेगळीच होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही घ्यायला कागद आणला, त्यात लिहिलं होतं की आवाजाची नस जवळून जाते. मी कागद खाली ठेवला.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

आई रडायला लागली. एस्तेरबाईंनी तिला बाहेर पाठवलं आणि माझ्या कॉटवर बसल्या.

"गाणं जाईल माझं," मी म्हणाले.

"जाऊ शकतं." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. "डॉक्टर चांगले आहेत, जपतील. पण वरचे सूर कदाचित नाही येणार परत. हे तुला आत्ताच सांगते, नंतर म्हणशील मावशीनं फसवलं."

"मग?"

"मग खालचे सूर गा. तेही लागतात की कुणीतरी गायला."

मी त्यांच्यावर ओरडले. सगळं तुमच्यामुळे झालं, तुम्ही त्या दिवशी बघितलंच नसतं तर, असलं काहीबाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग पेन माझ्या हातात दिलं. तेच पेन होतं, की त्यांच्या पर्समध्ये तसलीच दोन-चार असायची, कुणास ठाऊक. मी सही केली.

त्या दिवशी त्यांची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात होती. तरी चार तास ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्या, असं आईनं नंतर सांगितलं. आईला त्यांनी दोनदा जबरदस्तीनं चहा पाजला. मी शुद्धीवर आले तेव्हा पहिला चेहरा त्यांचा दिसला. "बोल बघू काहीतरी," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं. घोगरा, फाटलेला, माझा नसलेला आवाज आला, पण आला. मी "आई" म्हणाले. एस्तेरबाईंनी डोळे मिटले आणि त्या ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या. मग उठून सलाईन बघायला लागल्या.

वरचे सूर परत आले नाहीत. सहा महिने मी त्यासाठी रडले, मग कमी कमी रडले. पुढे मी बालवाडीत लागले. लहान मुलांना घोगरा आवाज फार आवडतो, अस्वलाची गोष्ट सांगताना तर फारच. बाबांना वाटत होतं तसं डागावरून दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणच्या मुलानं सरळ विचारलं, "हे कशाचं?" मी सांगितलं. त्याच्याशी लग्न होऊन आता अठरा वर्षं झाली. दोन मुलं आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी घेते आणि वर्षातून एकदा मिरजेला तपासायला जाते. तपासणी झाली की एस्तेरबाईंकडे जेवायला. हे कधी चुकलेलं नाही.

अवनी रेगेनं पुढच्याच वर्षी लग्न केलं आणि ती परदेशी गेली. कार्यक्रम बंद झाले. एक-दोनदा टीव्हीवर दिसली, मग तेही नाही. एस्तेरबाईंची आणि तिची भेट कधीच झाली नाही.

हे मला ठाऊक होतं, पण मी त्याबद्दल कधी काही बोलले नव्हते. विषय काढायला धीर होत नव्हता. गेल्या वर्षी जेवण झाल्यावर त्या ओट्याशी भांडी लावत होत्या. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, पण मला हात लावू देत नाहीत. मी मागं उभी राहून विचारलं.

"मावशी, तुम्हाला तिला काय सांगायचं होतं हो?"

त्यांना लगेच कळलं मी कुणाबद्दल बोलते.

"काही विशेष नाही. आम्ही दोघी बहिणी राहायचो. ती गेली ना, त्या वर्षी घरात आवाजच नव्हता. या अवनीची कॅसेट लावायची मी सकाळी. बरं वाटायचं. तेवढंच सांगायचं होतं, की बाई, तुझं बरं होवो."

"वाईट वाटतं?"

"वाटतं की." त्यांनी ताट पुसून फळीवर ठेवलं. "खोटं कशाला सांगू? सकाळी अकरापासून उभी होते मी."

बावीस वर्षं जे विचारायचं होतं ते कसंबसं विचारलं. "मग दिलात कशाला नंबर? मी तुम्हाला चार लोकांत वाट्टेल ते बोलले होते. ओळख ना पाळख. नुसतं सांगून सोडून द्यायचं होतं."

"सांगितलं होतं की. तू ऐकलंस?"

"नाही."

"मग?" त्या वळल्या. ओले हात पदराला पुसले. "तुला पाहिजे असं माझ्याकडं त्या दिवशी तेवढं एकच होतं, पोरी."